कस्टम्स, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट आणि एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, इचलकरंजी, मडगाव इथल्या छोट्या इम्पोर्टर-एक्स्पोर्टर मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, काही सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या लायसेन्सधारक ब्रोकरच्या, ऑफिसात नवीन लागलेली मुलंमुली विचारतात. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकत्र लिहिलंय. आधी साधे प्रश्न आहेत, अवघड पुढे आहेत, आणि एकच गोष्ट दोनदा लिहायला लागू नये म्हणून मधे मधे "अमुक प्रश्न बघा" असं म्हटलंय.

१. कस्टम्समधलं एआय म्हणजे चॅटजीपीटीच ना?

चॅटबॉट हा त्यातला एक प्रकार. तुम्ही प्रश्न टाइप करता आणि तो भाषेत उत्तर देतो. दुसरं म्हणजे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) वाचून त्यातले आकडे आपोआप बिल ऑफ एन्ट्रीच्या, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या अर्जाच्या, रकान्यांत भरणारं सॉफ्टवेअर, जे आता बऱ्याच सीएचएंकडे कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. आणि तिसरं कस्टम्सच्या बाजूचं, जे तुम्हाला दिसत नाही पण तुमचा माल थांबवायचा की सोडायचा यात त्याचा हात असतो, त्याबद्दल पुढच्याच प्रश्नात लिहिलंय. या तिघांच्या चुका वेगवेगळ्या असतात म्हणून "एआय चांगलं की वाईट" याचं एक उत्तर देता येत नाही, आधी कुठलं ते सांगायला लागतं.

२. माझी बिल ऑफ एन्ट्री मशीन तपासतं की माणूस?

आधी मशीन. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर फाइल झाली की ती रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आरएमएसमधून जाते, आणि आरएमएस ठरवतं की असेसमेंटला, म्हणजे अधिकाऱ्याकडे कोड-किंमत-ड्युटी तपासायला, पाठवायची, माल उघडून एक्झामिन करायचा, दोन्ही करायचं की काहीच न करता सोडायची. ही सिस्टिम २००५ पासून आहे, त्यामुळे "आता एआय आलंय म्हणून माझा कंटेनर पकडला" असं नसतं, तेव्हा नियम जास्त होते आणि आता डेटावरून शिकणं वाढलंय एवढाच फरक. सीबीआयसी, म्हणजे कस्टम्स चालवणारं केंद्रीय मंडळ, त्याचा अद्वैत नावाचा अ‍ॅनालिटिक्स प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला, तो याच दिशेचा.

मशीन असेसमेंटला पाठवतं तेव्हा तुमची बिल ऑफ एन्ट्री (बीई) न्हावा शेवा बंदराची असली तरी दुसऱ्याच शहरातला अधिकारी ती बघू शकतो, कारण ३१ ऑक्टोबर २०२० पासून फेसलेस असेसमेंट देशभर लागू आहे. समोर बसून सॅम्पल दाखवून समजावायची सोय आता नाही, तुमचं वर्णन आणि अपलोड केलेली कागदपत्रं हेच तुमचं बोलणं. म्हणून "पार्ट्स फॉर मशीन" असलं तीन शब्दांचं वर्णन लिहू नका हो, अधिकाऱ्याला काहीच कळत नाही मग क्वेरी येते आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकल्याचं भाडं, चालू होतं.

जगात हे कसं चाललंय ते बघायचं तर जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या बाकुडा प्रकल्पातलं डेट नावाचं मॉडेल आहे, २०२० मध्ये त्याचा शोधनिबंध आला आणि त्यात नायजेरियाच्या कस्टम्सचा डेटा वापरलेला होता. ते दोन गोष्टी एकदम बघतं, घोटाळ्याची शक्यता किती आणि सापडला तर महसूल किती मिळेल. आपण प्रामाणिक असलो तरी जास्त ड्युटीच्या, मोठ्या रकमेच्या मालावर नजर जास्त का असते ते यावरून समजतं.

३. एचएस कोड चॅटबॉटला विचारला तर चालतो का?

एचएस कोड म्हणजे वस्तूचा कस्टम्समधला वर्गीकरणाचा नंबर. विचारायला हरकत नाही, पण थेट फाइल करू नका.

पहिला घोळ आकड्यांचा. एचएसचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे. ०८०४५० मध्ये पेरू, आंबा, मँगोस्टीन सगळं येतं, त्यापुढे भारतात हापूसला स्वतंत्र आठ आकडी कोड आहे, ०८०४५०२१. अमेरिकेत कोड दहा आकडी असतात. इंटरनेटवर अमेरिकन मजकूर प्रचंड असल्यामुळे चॅटबॉट बऱ्याचदा तिकडचा कोड देतो किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे छाटून देतो, आणि तो आपल्या टॅरिफमध्ये, म्हणजे कोड आणि ड्युटीच्या सरकारी यादीत, एक तर सापडत नाही नाहीतर भलत्याच वस्तूचा निघतो.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. पिंपरी-चिंचवडचा कोणी पंपासाठी रबराच्या ओ-रिंग मागवतो आणि एआयला विचारतो, ते सांगतं ८४१३९१, पंपाचे पार्ट्स. ऐकायला एकदम बरोबर. पण सेक्शन सोळाची पहिली नोट व्हल्कनाइज्ड रबराच्या अशा वस्तू त्या सेक्शनमधून सरळ बाहेर काढते आणि त्या जातात ४०१६ मध्ये, गॅस्केट-सीलसाठी तिथे ४०१६९३ आहे. साध्या स्क्रू-बोल्टचंही तसंच, मशीनबरोबर आले म्हणून मशीनचे पार्ट होत नाहीत, ते ७३१८. क्लासिफिकेशनचा पहिलाच नियम सांगतो की कोड ठरतो हेडिंगच्या (पहिल्या चार आकड्यांच्या) शब्दांवरून आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्सवरून, चॅप्टरची शीर्षकं फक्त संदर्भाला असतात. चॅटबॉट वस्तूच्या नावाशी जुळणाऱ्या शीर्षकाकडे धावतो आणि नोट बाजूला राहते.

४. मग विचारायचं तरी कसं?

"या वस्तूचा कोड सांग" असं नाही. वस्तू कशाची बनलीय, टक्केवारीसकट, ती काय काम करते, सुटी येते की सेटमध्ये, पूर्ण आहे की अर्धवट, हे सगळं द्या आणि विचारा की यावर कोणकोणती हेडिंग लागू शकतात, प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध काय आहे आणि कुठली सेक्शन किंवा चॅप्टर नोट वाचायला लागेल. इथे एआय खरंच कामाचं आहे, मनापासून सांगतोय, कारण आपल्या डोक्यात न आलेलं तिसरं हेडिंग ते पुढे आणतं. मग ती नोट सीबीआयसीच्या साइटवरच्या टॅरिफमध्ये स्वतः उघडून वाचा. एआयने "नोटमध्ये असं लिहिलंय" म्हणून दिलेलं वाक्य मूळ नोटशी ताडून बघा, कारण कधी कधी ते वाक्य तिथे नसतंच.

आणि शेवटी चार ओळी लिहून तारीख टाकून फाइलला लावा: कोणता कोड, का, कोणता नाकारला, का. याचा उपयोग प्रश्न ९ मध्ये कळेल.

५. कोड बरोबर निघाला, म्हणजे झालं ना?

नाही. कोड सांगतो ड्युटी किती, पण माल आणायला परवानगी आहे की नाही ते वेगळं बघायला लागतं. ड्रोनचं उदाहरण घ्या. २०२२ च्या एचएसमध्ये ड्रोनला नवीन हेडिंग मिळालं, ८८०६, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत डीजीएफटीने, म्हणजे परदेशी व्यापाराच्या केंद्रीय खात्याने, तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यासाठीचे अपवाद सोडून, सुटे भाग मात्र खुले ठेवले. फवारणीचा ड्रोन मागवायला निघालेल्याला चॅटबॉटने कोड अचूक दिला, ड्युटीही सांगितली, पण बंदीचं कोणी विचारलंच नाही म्हणून त्याने सांगितलं नाही, तर माल बंदरात येऊन अडकणार. बीआयएस मानकांचे क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआय, वायरलेसवाल्या वस्तूंना डब्ल्यूपीसीची मंजुरी, हे दरवेळी वेगळं विचारा आणि ऑर्डर द्यायच्या आधी विचारा, माल जहाजावर चढल्यावर विचारून काय करणार.

६. ड्युटीचा हिशोब एआयकडून करून घेतला तर?

हिशोबाची पद्धत एकदा स्वतः शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे ज्या किमतीवर ड्युटी लागते ती, १०,००,००० रुपये, बेसिक ड्युटी १० टक्के, आयजीएसटी १८ टक्के असं धरू. बेसिक झाली १,००,०००. सोशल वेल्फेअर सरचार्ज त्या बेसिकवर १० टक्के, म्हणजे १०,०००. आयजीएसटी या सगळ्याच्या बेरजेवर, ११,१०,००० वर १८ टक्के, १,९९,८००. एकूण ३,०९,८००. चॅटबॉट सरचार्ज कधी मालाच्या किमतीवरच लावतो, कधी आयजीएसटी नुसत्या दहा लाखांवर काढतो, आणि दोन्ही वेळा उत्तर तितक्याच ठामपणे देतो.

असेसेबल व्हॅल्यू काढतानाही बघा. सप्लायरचा भाव एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतचा) किंवा एक्स-वर्क्स (कारखान्याच्या दारातला) असेल तर फ्रेट-इन्शुरन्स मिळवायला लागतं, फ्रेट कळतच नसेल तर एफओबीच्या २० टक्के आणि इन्शुरन्स १.१२५ टक्के धरायचा नियम आहे. डॉलरचा रेट गुगलवरचा चालत नाही, कस्टम्सने जाहीर केलेला लागतो.

७. मी कांदा पाठवतो. एआयने एक्स्पोर्ट ड्युटी ४० टक्के सांगितली, मित्राच्या एआयने २० सांगितली. खरं काय?

दोन्ही कधीतरी खरं होतं, तेच तर दुखणं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये सरळ बंदीच आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० वर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झालं. दोन वर्षांच्या आत पाच वेळा तरी बदल, आणि लासलगावच्या बाजारात भाव या प्रत्येक निर्णयावर हलला, ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. चॅटबॉटने यातला जो तुकडा वाचलेला असेल तो तो "आजचा नियम" म्हणून सांगतो. दर, बंदी, किमान मूल्य, रोडटेप (निर्यातीवर परत मिळणारे कर) यातलं काहीही असो, नोटिफिकेशनचा नंबर आणि तारीख मागा, मग सीबीआयसी किंवा डीजीएफटीच्या साइटवर ते उघडा आणि त्यानंतर ते बदललंय का तेही बघा. नंबर देता येत नसेल तर ते उत्तर धरू नका.

८. इनव्हॉइस वाचणारं सॉफ्टवेअर आकडे बरोबर उचलतं का?

स्वच्छ पीडीएफ असेल तर खूपच चांगलं, हाताने टायपिंग करताना थकव्याने होणाऱ्या चुका त्याच्याकडून होत नाहीत. ते चुकतं ठरलेल्या जागी. युरोपातला सप्लायर १.२५० लिहितो म्हणजे साडेबाराशे, सॉफ्टवेअर वाचतं सव्वा. तारखेत दिवस-महिना उलटा होतो. ग्रॉस वेट नेटच्या जागी जातं. टॅरिफमध्ये युनिट किलो आहे आणि इनव्हॉइसवर नग, तर नगांचा आकडाच किलो म्हणून बसतो.

शिवाय काही गोष्टी कागदावर नसतातच. सप्लायर आणि तुम्ही एकमेकांशी संबंधित कंपन्या आहात का, रॉयल्टी वेगळी देता का, मोल्ड तुम्ही फुकट दिलाय का, हे किमतीवर परिणाम करतं आणि ते सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नाही. ते तुम्हीच सीएचएला सांगायचं.

यावरचा उपाय जुनाच आहे, चेकलिस्ट. सीएचए फाइल करण्याआधी चेकलिस्ट, म्हणजे भरलेल्या बिल ऑफ एन्ट्रीचा मसुदा, पाठवतो आणि आपण गाडी चालवता चालवता "ओके" पाठवून मोकळे होतो. कृपया असं करू नका. वर्णन, कोड, प्रमाण, युनिट, करन्सी, इनकोटर्म (एफओबीसारखी विक्रीची अट), नोटिफिकेशन नंबर एवढं तरी इनव्हॉइस शेजारी ठेवून वाचा, कारण तुमचं ते ओके म्हणजे तुमचं डिक्लेरेशन.

९. एआयने चुकीचा कोड दिला आणि ड्युटी कमी भरली गेली, तर जबाबदार कोण?

तुम्ही. २०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे, कलम १७ प्रमाणे ड्युटी तुम्ही स्वतः ठरवून जाहीर करता, आणि कलम ४६(४अ) म्हणतं की माहिती अचूक आणि पूर्ण असणं, कागद खरे असणं आणि माल नियमात बसणं याची काळजी इम्पोर्टरने घ्यायची. एक्स्पोर्टरसाठी तसंच कलम ५०(३). यात सॉफ्टवेअरचा उल्लेख कुठेच नाही.

कमी भरलेली ड्युटी साधारणपणे २ वर्षांपर्यंत मागता येते, पण संगनमत, जाणूनबुजून खोटं सांगणं किंवा माहिती दडवणं असेल तर ५ वर्षांपर्यंत, वर १५ टक्के व्याज, आणि अशा वेळी कलम ११४अ खाली ड्युटीइतकाच दंड. म्हणजे "चुकलं" आणि "मुद्दाम केलं" यातल्या फरकावर सगळं उभं असतं. प्रश्न ४ मधली ती चार ओळींची तारखेची नोंद इथे कामाला येते. फाइल करण्याआधी तुम्ही विचार केला होता, दुसरा कोडही बघितला होता, कारण देऊन निवड केली होती हे त्यातून दिसतं. "एआयने सांगितलं म्हणून टाकलं" एवढंच हातात असेल तर त्यातून दिसतं की कोणी बघितलंच नाही.

१०. आमचा सीएचए सगळं एआयवर करतो असं वाटतंय. त्याची काही जबाबदारी नाही का?

आहे. कस्टम्स ब्रोकर लायसेन्सिंगचे २०१८ चे नियम आहेत, त्यातल्या दहाव्या नियमात ब्रोकरने क्लायंटला दिलेली माहिती बरोबर आहे याची खातरजमा करायची, क्लायंटचा आयईसी (इम्पोर्ट-एक्स्पोर्ट कोड), जीएसटी नंबर, ओळख, पत्ता तपासायचा असं स्पष्ट आहे, आणि चूक झाली तर लायसेन्सवर येतं. पण त्याच्यावर कारवाई झाली म्हणून तुमची ड्युटी माफ होत नाही. त्याला सरळ विचारा की कोड कोण बघतं, एफ-कार्ड किंवा जी-कार्डवाला, म्हणजे कस्टम्सची परीक्षा पास झालेला, कोणी वाचतो का सॉफ्टवेअरमधून थेट चेकलिस्ट निघते. चांगला सीएचए या प्रश्नाचा राग धरत नाही.

११. इनव्हॉइस चॅटबॉटवर अपलोड करणं सेफ आहे का?

फुकटच्या अकाउंटवर नका करू. तुमचा खरेदीचा भाव, सप्लायरचं नाव, बँक डिटेल्स सगळं त्यात असतं आणि काही सेवा ते पुढच्या ट्रेनिंगला वापरू शकतात. कोड विचारायला भाव लागतच नाही, कॅटलॉगचं पान पुरतं. कंपनीसाठी घेतलेल्या पेड सेवेत डेटा वापरणार नाही असं करारात लिहिलेलं असेल तर वेगळी गोष्ट, पण तो करार वाचा.

याला लागूनच एक गोष्ट. "स्पर्धकाच्या बिल ऑफ एन्ट्रीचा डेटा एआयने शोधून देतो" म्हणून कोणी विकायला आलं तर सावध राहा. २०२२ मध्ये कस्टम्स अ‍ॅक्टमध्ये कलम १३५अअ आलंय, कस्टम्सला दिलेली किंमत, प्रमाण, वर्गीकरणाची माहिती कायद्याने गरज नसताना प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

१२. अधिकारी म्हणतो सिस्टिममध्ये हा माल महाग आलाय, तुमचा भाव कमी आहे. सिस्टिमपुढे काय बोलणार?

बोलायचं. मशीनने दाखवलेला भाव हा संशय आहे, निकाल नाही. २००७ च्या व्हॅल्युएशन नियमांतला नियम १२ म्हणतो की जाहीर किमतीवर रास्त शंका असेल तर अधिकारी माहिती मागू शकतो, आणि तरी शंका राहिली तर किंमत नाकारू शकतो, पण शंकेची कारणं लेखी मागायचा हक्क तुम्हाला आहे. अ‍ॅल्युमिनियम स्क्रॅपच्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरून ठेवलं की सबळ कारण दिल्याशिवाय व्यवहाराची किंमत बाजूला टाकता येत नाही. करार, ईमेलवरची घासाघीस, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा, माल जुन्या मॉडेलचा किंवा मोठ्या लॉटचा असल्याचा कागद, हे जोडा. आणि तुमच्याविरुद्ध असेसमेंट झाली, तुम्ही ती लेखी मान्य केली नसेल, तर स्पीकिंग ऑर्डर, म्हणजे कारणांसकट लेखी आदेश, मागा, तो अधिकाऱ्याने १५ दिवसांत द्यायचा असतो. घाईत माल सोडवायला "मान्य आहे" लिहून देतात आणि मग अपिलाला रडतात.

१३. एफटीएचा सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन एआयने तपासून "व्हॅलिड" म्हटलं. पुरे ना?

मुक्त व्यापार कराराखाली (एफटीए) ड्युटीत सवलत घ्यायला माल कुठे बनला याचा हा दाखला लागतो. त्यातला फॉर्म, सही, तारीख, कोड जुळतो का एवढं एआय बघू शकतं. पण २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम लागू आहेत, त्यात माल खरंच त्या देशात बनला का, तिथे किती मूल्यवर्धन झालं, कुठल्या निकषावर तो त्या देशाचा (ओरिजिनेटिंग) ठरला ही माहिती इम्पोर्टरकडे असायला लागते, आणि ५ वर्षं ठेवायला लागते. हे सप्लायरला विचारून मिळतं, कागद स्कॅन करून नाही. विचारल्यावर सप्लायर टाळाटाळ करायला लागला तर सवलत घेण्याआधी थांबा.

१४. दोन एआयनी दोन कोड दिले, सीएचएने तिसरा. कुठला धरायचा?

आधी हे लक्षात घ्या की काही वस्तूंना खरंच सोपं उत्तर नसतं. छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल खाद्यतेल, १५१३, की केसांचं तेल, ३३०५, यावर एक्साइजचा वाद वर्षानुवर्षं चालला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचंच एकमत झालं नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की नुसती बाटली छोटी म्हणून ते हेअर ऑइल होत नाही. आपल्याकडे घरोघरी स्वयंपाकघरात पण आणि आरशासमोर पण असलेल्या वस्तूची ही गत. अशा ठिकाणी एआय ठाम उत्तर देत असेल तर तो ठामपणाच संशयास्पद समजा.

माल वरचेवर येणार असेल आणि रक्कम मोठी असेल तर अ‍ॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे माल यायच्या आधीच अधिकृत निर्णय, घ्या, त्याची अथॉरिटी मुंबईत आणि दिल्लीत आहे, रुलिंग तुमच्यावर आणि कस्टम्सवर बंधनकारक असतं. माल येऊन पडलाच असेल तर कलम १८ खाली प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) असेसमेंटचा विचार सीएचएबरोबर करा.

१५. शो कॉज नोटिशीचं उत्तर एआयने लिहून दिलं, निकालांसकट. पाठवू?

निकाल एकेक उघडून वाचल्याशिवाय अजिबात नाही. चॅटबॉट खऱ्यासारखी नावं, वर्ष, पान नंबर असलेले निकाल बनवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, त्यात खात्यानेच आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वात नव्हते, आणि एआयने दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका असं कोर्टाने सुनावलं. तुमच्या उत्तरात एक खोटा निकाल सापडला की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो. तारखांची साखळी लावणं, नोटिशीतल्या कुठल्या परिच्छेदाला उत्तर राहिलंय ते शोधणं, लांबलेलं लिखाण आवरणं, हे त्याच्याकडून करून घ्या, ते छान करतं.

१६. गोव्याहून लोहखनिज जातं. लॅब रिपोर्ट एआयला दिला तर त्याने ड्युटी लागते म्हटलं, एजंट म्हणतो लागत नाही.

एजंट बरोबर असू शकतो. ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या खनिजावरचं निर्यात शुल्क नोव्हेंबर २०२२ मध्ये परत शून्य केलं आणि त्यावरच्या ग्रेडला ३० टक्के ठेवलं. लॅब मात्र लोहाचं प्रमाण सहसा खनिज वाळवून देते, आणि २०१२ च्या सर्क्युलरप्रमाणे ते ओल्या वजनावर बघायचं असतं. रिपोर्टमध्ये कोरडं ६० टक्के आणि ओलावा ८ टक्के असेल तर ओल्यावर होतात ५५.२ टक्के, म्हणजे शुल्क नाही. एआयने ६० वाचलं आणि ३० टक्के लावले, ओलाव्याचा रकाना त्याच रिपोर्टवर खाली होता. शुल्काचा आजचा दर मात्र प्रश्न ७ मध्ये सांगितलंय तसा तपासूनच घ्या.

१७. तोच कोड गेली दोन वर्षं क्लिअर होतोय, कधीच क्वेरी आली नाही. म्हणजे बरोबरच असणार ना?

असं नाही. आरएमएसने सोडलं याचा अर्थ त्या वेळी कोणी बघितलं नाही, एवढाच. क्लिअरन्सनंतरचं ऑडिट होतं, आणि तिथे हेच डेटावालं मशीन तुमच्या जुन्या सगळ्या बीई एका ओळीत लावून बघतं, इतर लोक तीच वस्तू कुठल्या कोडखाली आणतात ते शेजारी ठेवून. तुमचं स्वतःचं एआय इथे वापरा. दोन वर्षांच्या बीईची यादी द्या आणि विचारा की एकाच वस्तूला कुठे दोन कोड लागलेत, कुठला भाव अचानक बदललाय, कुठे वर्णन सारखं आणि सवलतीचं नोटिफिकेशन वेगळं आहे. डेटाबद्दल प्रश्न ११ मधलं पथ्य पाळा. चूक सापडली तर खात्याची नोटीस यायची वाट बघू नका. २०२५ च्या फायनान्स अ‍ॅक्टने कलम १८अ आणलंय, त्यात क्लिअरन्सनंतर स्वतःहून एन्ट्री सुधारून फरकाची ड्युटी व्याजासकट भरता येते, पण ऑडिट किंवा तपास सुरू झाल्याचं कळवलं गेलं की तो रस्ता बंद होतो, म्हणून सापडल्या आठवड्यातच सीएचएला फोन करा.